नर्स व्हायचंय: सैन्यातून की कॉलेजमधून?

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे. ती बारावी सायन्सला आहे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) ग्रुप. नर्स व्हायचं हे तिचं पक्कं ठरलेलं आहे. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांचं म्हणणं असं की कॉलेजला पैसा घालण्यापेक्षा सैन्यात भरती हो, तिथं नर्सिंगही शिकवतात आणि पैसेही देतात. आईला लेक कोल्हापुरात, हाताशी हवी आहे. मोठा भाऊ बारावी सायन्स करून भरतीची तयारी करतोय आणि तोही म्हणतो, मी सैन्यातूनच नर्स होणार. "मॅडम, आम्ही दोघांनी काय करावं?" एवढाच प्रश्न.

माझी सगळी नोकरी याच कामात गेली. आधी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), मग परिसेविका (वॉर्ड सिस्टर) आणि पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकवणं. माझ्याकडे शिकलेल्या काही जणी आज सैन्याच्या हॉस्पिटलात आहेत, काही सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, काही परदेशात. त्यांचं कसं चाललंय ते मला त्यांच्या तोंडून कळत असतं. त्या भरवशावर लिहिते.

बाळ, आधी वडिलांच्या बोलण्यातला एक घोळ सोडवू. जवान म्हणून भरती व्हायचं आणि मग सैन्याने तुला नर्स करायचं, असा रस्ता आपल्याकडे मुलींना नाही. अग्निवीर म्हणून मुलींना सैन्यात घेतात ते मिलिटरी पोलिसात; ती चार वर्षं आहेत आणि त्यात नर्सिंगचं शिक्षण नाही. सैन्यातली नर्स म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, एमएनएसची ऑफिसर. ती लेफ्टनंट म्हणूनच सुरुवात करते, हे तुझ्या वडिलांनी बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलात पाहिलं असेलच. आणि लेफ्टनंट व्हायला बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं तिलाही काढावीच लागतात. म्हणजे तुमच्या घरात वाद चाललाय तो कॉलेज की सैन्य असा, पण खरा प्रश्न कुठल्या कॉलेजात आणि त्यानंतर कुणाच्या नोकरीत, एवढाच आहे.

सैन्याची नर्सिंग कॉलेजं सहा आहेत: पुण्याचं एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज), मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल, दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल, आणि कोलकाता, लखनौ, बंगळूरची कमांड हॉस्पिटलं. सहाही ठिकाणच्या मिळून जागा २२० च्या आसपास, आणि त्या सगळ्या देशातल्या मुलींसाठी. केरळच्या मुली त्यात पिढ्यान्पिढ्या पुढे आहेत, कारण तिथं घराघरात याची माहिती असते. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घरटी जवान आहेत. पण मुलीला एमएनएसचा फॉर्म भरू देणारी घरं अजून कमी. तुझ्या वडिलांनी स्वतःहून सैन्याचं नाव काढलं, याचं मला फार बरं वाटलं.

निवड कशी होते ते नीट समजून घे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं. रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात, निदान ५० टक्के हवेत. इथं एक घोटाळा होतो. एखाद्या विषयात राहिलं तर पुन्हा बसून काढू, अशी सवलत मनात धरून मुली बारावीला बसतात. एमएनएसला ते चालत नाही. लग्न झालेलं नसावं. उंची साधारण १५२ सेंटीमीटर लागते. मग नीट (NEET) ही मेडिकल प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यायची. नीट नुसती पास होऊन भागत नाही, त्या मार्कांवर सैन्य मुली निवडून बोलावतं. नीट झाली म्हणजे सगळं आपोआप होईल असं समजून मुली बसून राहतात. सैन्याच्या भरतीच्या वेबसाइटवर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो चुकला की वर्ष गेलं. बोलावणं आलं की संगणकावर सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची परीक्षा, मग मुलाखत, मग मेडिकल.

आपल्याकडच्या मुली अडतात त्या इंग्रजीत आणि मेडिकलमध्ये. अभ्यासात त्या कुठेच कमी नसतात. मुलाखतीत विचारतात ते साधंच असतं: घरी कोण असतं, नर्स का व्हायचंय, पेशंट अंगावर ओरडला तर काय करशील. उत्तर मराठीत डोक्यात तयार असतं, इंग्रजीत ओठावर येत नाही. त्यावर उपाय क्लासचा नाही. आजपासून रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाच आणि पेपर मिटून तीच बातमी वडिलांना इंग्रजीत सांग. त्यांनी नोकरीत दहा प्रांतांच्या माणसांबरोबर काम केलंय, ते ऐकतील आणि चुकाही काढतील. आणि मेडिकलसाठी आत्ताच गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. तुला काही वाटत नसलं तरी रक्त कमी असू शकतं. आत्ता कळलं तर गोळ्या आणि खाणं सुधारून ते भरून येईल, मेडिकल बोर्डासमोर कळलं तर नाही.

या चार वर्षांत राहणं, जेवण सैन्याचं, वर विद्यावेतन. त्या बदल्यात शिक्षण झालं की एमएनएसमध्ये सेवा करीन असा करार लिहून द्यावा लागतो, आणि मध्येच सोडलं तर पैसे भरून द्यावे लागतात. वडील म्हणतात "पैसे देतात", ते खरं आहे. पण ते पैसे तू पुढं करणार असलेल्या नोकरीपोटी दिलेले आहेत. ज्या मुलीला दोन वर्षांनी जर्मनीला किंवा आखातात जायचं आहे, तिने या वाटेला जाऊ नये. जिला जायचं नाही, तिला यापेक्षा चांगलं नर्सिंगचं शिक्षण फुकटात कुठं मिळणार नाही. एएफएमसीचं नर्सिंग कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशीच जोडलेलं आहे, म्हणजे पदवी तीच, जी कोल्हापुरातल्या सरकारी किंवा संलग्न कॉलेजातल्या मुलीला मिळते.

आता आईचं म्हणणं घेऊ. कोल्हापुरात आणि आसपास मिरज, सांगली, बेळगावपर्यंत नर्सिंगची कॉलेजं भरपूर झाली आहेत. बीएस्सीला राज्याच्या सीईटी सेलची नर्सिंगची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते. पीसीबी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड असा तिचा अभ्यास, आणि नीटची तयारी करणाऱ्या मुलीला तो जड जात नाही. पदवीच्या खालचे दोन कोर्स आहेत: जीएनएम तीन वर्षांचं, एएनएम दोन वर्षांचं. तू सायन्सला आहेस, बीएस्सीच कर. जीएनएम वाईट नाही, मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सगळ्या सिस्टर जीएनएमच्याच होत्या. पण आज सैन्य, परदेश, शिकवण्याचं काम, समुदाय आरोग्य अधिकारी, सगळीकडे आधी बीएस्सी विचारतात. जीएनएमवाल्या मुलीला मग पदवीसाठी आणखी दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागतं.

कॉलेज निवडताना इमारत, बस, गणवेश, गॅदरिंगचे फोटो बघू नकोस. त्या कॉलेजचं हॉस्पिटल बघ. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे बीएस्सीच्या कॉलेजला निदान १०० खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं. कागदावर ते सगळ्यांकडे असतं. तू वडिलांना घेऊन एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी, न सांगता, तिथल्या मेल मेडिकल आणि बाळंतपणाच्या वॉर्डात फिरून ये. खाटांवर पेशंट आहेत का? केसपेपरवर सकाळच्या टीपीआरच्या, म्हणजे ताप, नाडी, श्वासाच्या नोंदी आहेत का? युनिफॉर्ममधल्या मुली पेशंटजवळ आहेत की कोपऱ्यात जर्नल उतरवत बसल्या आहेत? वॉर्डातल्या मावशीला विचार, "मुली रोज येतात काय हो?" त्या खरं सांगतात.

याचा एवढा आग्रह का धरते ते एका उदाहरणाने सांगते. पावसाळ्यात सीपीआरच्या कॅज्युअल्टीत राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडून साप चावलेले पेशंट येतात. भातात वाकून काम करताना घोणस किंवा फुरसं चावलेलं असतं. नातेवाईक रडत असतात, कुणी पायाला दोरी आवळलेली असते. अशा वेळी दोन मिली रक्त घेऊन स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं, नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हातसुद्धा लावायचा नाही. डिटर्जंटने धुतलेली नळी चालत नाही, चुकीचा रिझल्ट येतो. वीस मिनिटांनी नळी हळूच कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात उतरलंय. मग सर्पविषरोधक लस. तिच्या पावडरच्या व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) १० मिली पाणी घालून ती तळहातात हळूहळू फिरवायची, सरबतासारखी हलवायची नाही, फेस होतो. सलाईन सुरू करण्याआधी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये तयार ठेवायचं, कारण पहिल्या काही मिनिटांतच अंगावर गांधी उठून पेशंटचा श्वास अडकू शकतो. डॉक्टर ऑर्डर लिहितात, पण त्या खाटेजवळ उभी असते ती नर्स. पेशंट अंग खाजवायला लागला हे तिला आधी दिसतं. हे पुस्तकात सगळं लिहिलेलं आहे. तरीही ज्या मुलीने कॉलेजच्या चार वर्षांत रात्रीच्या ड्युटीला हे एकदा स्वतःच्या हाताने केलं, ती आयुष्यभर घाबरत नाही. रिकाम्या खाटांच्या हॉस्पिटलात शिकलेली मुलगी तेवढ्याच मार्कांनी पास होते आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात हात थरथरतात.

सैन्याच्या कॉलेजात वेगळे पेशंट दिसतात: हाडं मोडलेले, गोळी लागलेले, भाजलेले, शिवाय जवानांच्या बायका-मुलं, त्यांचे म्हातारे आई-वडील. पुढे लेहला पोस्टिंग झाली तर उंचीवर फुप्फुसात पाणी भरून धापा टाकणारा वीस-बावीस वर्षांचा जवान समोर येतो, ऑक्सिजन लावून त्याला लवकरात लवकर खाली उतरवायचं असतं. शिकण्याच्या दृष्टीने दोन्ही जागा सोन्यासारख्या आहेत. कुठली कमी आणि कुठली जास्त, असं मी म्हणणार नाही.

नोकरीतला फरक मात्र मोठा आहे. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचा मूळ पगार ३५,४०० पासून सुरू होतो, एम्ससारख्या केंद्राच्या हॉस्पिटलात ४४,९०० पासून, आणि एमएनएसच्या लेफ्टनंटचा ५६,१०० पासून, वर महिना १०,८०० मिलिटरी सर्व्हिस पे. खासगी हॉस्पिटलात नव्या मुलीला यातलं कशाच्याच जवळपास मिळत नाही, आणि नाईट मात्र तेवढ्याच. हे मला आजही टोचतं. पगाराच्या बाजूने वडील बरोबर आहेत.

पण सैन्याची नोकरी म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी ट्रंक भरणं. आज पुणे, उद्या जम्मू, परवा आसाम. घरी आजी आजारी आहे म्हणून बदली थांबत नाही. तू नायब सुभेदाराची मुलगी आहेस, वडील गणपतीला घरी नसायचे ते तू पाहिलं आहेस. आता त्या जागी तू असशील. हा विचार तू एकटीने कर, वडिलांच्या उत्साहातही नको आणि आईच्या काळजीतही नको. वसतिगृहात पहिल्यांदा राहायला गेल्यावर ज्या मुली महिनाभरात रुळतात, त्यांना हे जमतं. ज्यांना चार वर्षांतही रुळता येत नाही, त्यांनी मन मारून युनिफॉर्म घालू नये.

आईच्या मनात आणखी एक भीती असणार, ती बऱ्याच आया मला बाजूला घेऊन विचारतात: लग्न झालं की मुलीला सैन्यातून काढतात ना? पूर्वी तसा नियम होता. १९८८ मध्ये लेफ्टनंट सेलिना जॉन यांना लग्न केलं म्हणून एमएनएसमधून काढलं गेलं. तो नियम १९९५ मध्ये रद्द झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं काढणं चुकीचं होतं असं ठरवून त्यांना ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. शिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही, एवढंच. पुढे करता येतं. माझ्या विद्यार्थिनींपैकी एकीचं लग्न झालेलं आहे, पदरी दोन मुलं आहेत आणि ती आज मेजर आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सैन्याचं दार बारावीनंतर एकदाच उघडतं असं नाही. बाहेरच्या मान्यताप्राप्त कॉलेजातून बीएस्सी, पोस्ट बेसिक किंवा एमएस्सी नर्सिंग केलेल्या, राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या मुलींना एमएनएसमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं. वयाची अट साधारण २१ ते ३५. आधी पाच वर्षं, मग वाढवत जास्तीत जास्त १४ वर्षं. पेन्शनला पुरेल इतकी ती सेवा नाही आणि जाहिरात दरवर्षी ठरल्या वेळी येतेच असंही नाही, पण रस्ता आहे. त्यामुळे यंदा एमएनएसला नंबर लागला नाही म्हणून एक वर्ष ड्रॉप, मग दुसरं वर्ष ड्रॉप, असं करू नकोस. इचलकरंजीची एक मुलगी नीटच्या मागे दोन वर्षं घरी बसली. तेवढ्या काळात तिची मैत्रीण कोल्हापुरात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला गेली होती.

म्हणून माझं सांगणं असं. नीटची परीक्षा मन लावून एकदा दे. त्याच वर्षी नर्सिंगची सीईटीही दे. एमएनएसचं बोलावणं आलं आणि घरापासून लांब राहायची तुझी तयारी असली, तर डोळे झाकून जा. नाही आलं, तर ज्या कॉलेजच्या हॉस्पिटलात खाटा भरलेल्या आहेत तिथं त्याच वर्षी प्रवेश घे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात पडू दे, वर्ष-दोन वर्षं आयसीयूत किंवा कॅज्युअल्टीत काम कर आणि तेव्हाही युनिफॉर्मची ओढ असली तर शॉर्ट सर्व्हिसला बस. तोवर तू चांगली नर्स झालेली असशील आणि मुलाखतीत बोलायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

भावाचं वेगळं आहे. एमएनएस फक्त महिलांसाठी आहे. मुलांना सैन्यात मिळतं ते सोल्जर टेक्निकल, नर्सिंग असिस्टंटचं पद. ही भरती अग्निवीरची नाही, कायम सेवेची आहे, हे चांगलं. बारावीला पीसीबी आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० हवेत. वय साडेसतरा ते तेवीस. आधी ऑनलाइन परीक्षा, मग धावणं. निवड झाली की लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या सेंटरला ट्रेनिंग. त्याने हे मात्र पक्कं समजून घ्यावं की तो आधी जवान असेल. पलटणीच्या एमआय रूममध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या दवाखान्यात, ड्रेसिंग, इंजेक्शन, जखमीला उचलून मागे आणणं, हे त्याचं काम. मानाचं काम आहे. पण तेवढ्या ट्रेनिंगवर रिटायर झाल्यावर बाहेर रजिस्टर्ड नर्स म्हणून नोकरी मिळेल असं गृहीत धरून त्याने जाऊ नये. नोंदणी कौन्सिल देतं, आणि त्याबद्दल कौन्सिलकडून लेखी विचारून घ्यावं. नौदलात आणि हवाई दलातही मेडिकल असिस्टंट घेतात, तिथंही हेच लागू. त्याला सैन्य हवं असेल तर खुशाल जावं. त्याला नर्सच व्हायचं असेल, तर त्यानेही तुझ्यासारखंच बीएस्सीला जावं. मुलं नर्सिंगमध्ये येतात आणि उत्तम काम करतात, विशेषतः कॅज्युअल्टी, ऑर्थो आणि डायलिसिसमध्ये. फक्त जागा कमी असतात. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी असतात, हे त्याने धरून चालावं.

राहिला पैशाचा विचार. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही, म्हणून फॉर्म भरताना कॉलेज कुठल्या प्रकारचं आहे ते आधी विचार. शिवाय तू माजी सैनिकाची मुलगी. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. बारावीला ६० टक्के लागतात. ५० टक्क्यांवर भागवू असं मनात असेल तर ते आजच काढून टाक. वडिलांना म्हणावं, डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिक ओळखपत्र घेऊन कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारून या, आणि तिथल्या नोंदीत तुझं नाव, जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच आहे का ते तपासून घ्या. सैन्याच्या कागदात मुलीचं नाव वेगळं आणि शाळेच्या कागदात वेगळं, या एका कारणाने ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ झालेली मी बऱ्याचदा पाहिली आहे, आणि ती दुरुस्ती व्हायला महिने लागतात.